कोखेमचा किल्ला आणि मोझेल नदीकाठची गावे : आईबाबांना काय दाखवावे?

सीमावासी (बेळगाव)
नमस्कार. माझा धाकटा भाऊ जर्मनीत कोब्लेंझ येथे नोकरीला असून सप्टेंबरअखेर आईबाबांना घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे. राजहंसगड, वल्लभगड, भीमगड असे आपल्या भागातले गड बाबांनी पायी हिंडून पाहिले आहेत, त्यामुळे तिथेही एखादा किल्ला मूळ बांधणीत पाहायला मिळावा अशी त्यांची फार इच्छा आहे. जवळच्या कोखेमचा किल्ला तसा आहे का? आईचे गुडघे दुखतात. तिला आसपासची गावे कशी दाखवता येतील?

खानापूरकर
कोखेम हे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव असून कोब्लेंझहून रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येते. किल्ल्याबद्दल मात्र बाबांना आधीच कल्पना द्यावी. १६८९ मध्ये चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्याने मूळ किल्ला सुरुंगांनी उडवला. पुढे १८६८ मध्ये राव्हने नावाच्या बर्लिनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने ते भग्नावशेष विकत घेऊन, त्या काळी आवडणाऱ्या निओ-गॉथिक (म्हणजे मध्ययुगीन गॉथिक बांधणीचे अनुकरण करणाऱ्या) शैलीत, आपल्या कुटुंबाच्या उन्हाळी मुक्कामासाठी तो नव्याने उभारला. मला ही पुनर्बांधणी पटत नाही, कारण पडका बुरुज पडकाच राहिला तर त्याच्यावर काय गुदरले ते पाहणाऱ्याला कळते. फ्रेंचांच्या त्याच स्वारीत उद्ध्वस्त झालेला, मोझेलकाठच्या बाइलश्टाइन गावचा मेटर्निश किल्ला तसाच भग्न ठेवला आहे, तो बाबांना अवश्य दाखवा. न पडलेला किल्ला हवा असेल तर एल्ट्स. तो कधीच उद्ध्वस्त झाला नाही आणि आठशेहून अधिक वर्षे एकाच घराण्याकडे आहे. मोझेलकेर्न स्थानकापासून ओढ्याच्या काठाने, रानातून चालत जायची वाट आहे. हिवाळ्यात तो बंद असतो, पण सप्टेंबरात अडचण नाही.

गडप्रेमी (निपाणी)
खानापूरकरांशी मी पूर्ण सहमत नाही. कोखेमचा अष्टकोनी मनोरा जुनाच आहे, आणि १९७८ पासून किल्ला गावाच्या मालकीचा असल्यामुळे त्याची देखभाल उत्तम होते. किल्ला आतून मार्गदर्शकासोबतच पाहता येतो. चढ खडा असल्याने आईंना गावातून वर जाणाऱ्या बसने न्यावे.

द्राक्षबागायतदार (अथणी)
किल्ल्यांच्या नादात मळे विसरू नका. कोखेमच्या वरच्या अंगाला ब्रेम गावाजवळ कालमोंट नावाचा डोंगर आहे, त्याचा उतार काही ठिकाणी साठ अंशांहून जास्त आहे आणि तरीही त्यावर द्राक्षे पिकतात. आपल्याकडे वेल मांडवावर चढवतात. तिथे जुन्या पद्धतीच्या मळ्यांत प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब असतो आणि दोन काड्या वाकवून खाली बांधलेल्या असतात. जमिनीत पाटीच्या दगडाचे तुकडे असतात, ते दिवसभर तापून रात्री वेलीला ऊब देतात. ट्रॅक्टर तिथे चढत नाही, म्हणून माल आणि माणसे एका रुळावरून सरकणाऱ्या छोट्या गाडीने वर-खाली जातात. तुम्ही जाल तेव्हा तोडणी चालू असण्याची शक्यता आहे. द्राक्षाच्या धंद्यातल्या माणसाने हे एकदा तरी पाहावेच.

सीमावासी (बेळगाव)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबा आणि भाऊ चालत एल्ट्सला जातील. त्या दिवशी आईला घेऊन मी बाइलश्टाइनला जाईन. तिथे रेल्वे नाही असे दिसते. मग बस बरी की बोट?

खानापूरकर
बोटच घ्या. वाटेत फांकेल येथे बंधाऱ्याजवळच्या कुंडात बोट थांबवून, दारे लावून, पाणी भरून ती वरच्या पातळीवर नेतात. आईंना ते बसल्या जागी पाहता येईल. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ तेवढी धक्क्यावर आधी विचारून घ्या.