दत्तूकाकांची खरी जन्मतारीख कोणती?

(ग्रुप : पैठणची मंडळी)

दत्तूकाका (शार्लट, अमेरिका): काल टूर्नामेंट झाली. पाचात चौथा आलो. लगेच अंगठे पाठवू नका, पाचव्याने पहिल्या राउंडनंतर गुडघा धरून घर गाठलं.

बंड्या: म्हणजे शेवटून पहिलेच की काका 😀

दत्तूकाका: हो, शाळेपासूनची परंपरा आहे.

माई आत्या: कसली रे टूर्नामेंट, कॅरमची का

दत्तूकाका: नाही गं माई, ते चकती फेकायचं, डिस्क गोल्फ. मागे व्हिडिओ टाकला होता बघ, तेव्हा तू विचारलंस की कपडे वाळत घालायचा स्टँड आहे का. तीच बास्केट. खांबाला वरून साखळ्या लोंबतात आणि खाली टोपली, टी म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची फेकायची, टोपलीत जाईपर्यंत किती वेळा फेकली ते मोजायचं. असे अठरा होल. मला तर गोदेच्या घाटावर चपटे दगड पाण्यावरून टप्पे टाकत फेकायचो तेच आठवतं, मनगट तेच लागतं.

चिंगी: काका ते सगळं ठीक आहे पण खांदा कसाय? मी दिलेला रबरी पट्टा वापरताय ना रोज?

दत्तूकाका: खांदा बरा आहे. सांगतो सगळं, जरा लांबण लागेल.

दत्तूकाका: एका दिवसात दोन राउंड होते म्हणजे छत्तीस होल. इथे सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात, त्याला शॉटगन स्टार्ट म्हणतात. एकत्र खेळणाऱ्या टोळक्याला कार्ड म्हणतात, आमच्या म्हाताऱ्यांच्या कार्डाला नेमका १३ नंबर, सगळ्यात लांबचा, त्यामुळे खेळ सुरू व्हायच्या आतच आमची अर्धी हवा गेली. हॉर्नेट्स नेस्ट पार्क म्हणजे नुसती झाडंच झाडं, मधून चिंचोळी वाट, आणि पहिल्याच होलला मी माती खाल्ली. नातवाची स्पीड बाराची चकती बॅगेत होती. चकतीवर आकडे असतात, स्पीड वगैरे, पण बारा म्हणजे ती बाराने उडते असं नाही, तुमचा हात तेवढा जोरात पाहिजे तर ती सरळ जाते, नाहीतर अर्ध्यातच डावीकडे वळून खाली बसते. माझा हात एकोणसत्तरचा. शेजारच्या कार्डावरची पोरं बघत होती म्हणून काढली ती, खरं सांगतो. ठाण करून पाइनच्या बुंध्यावर आणि तिथून रिबाउंड होऊन माझ्याच मागे. मग निमूटपणे माझी १५० ग्रॅमची काढली. पोरं १७५ ग्रॅमची वापरतात, आपल्याला हलकी बरी, कमी जोरातही जाते, फक्त वारा आला की तिला काही धरबंध राहत नाही.

बंड्या: पोरांसमोर शायनिंग 😂

सुमनकाकू: बंड्या तुझे काका अजून शायनिंगच मारतात, मला विचार.

चिंगी: हलक्या चकतीचा निर्णय एकदम बरोबर काका. फेकताना पुढचा पाय घट्ट रोवला की सगळा भार गुडघ्यावर येतो आणि फॉलो थ्रू अर्धवट सोडला की खांद्यावर. तुम्ही फेकून झाल्यावर अंग वळू देता की मध्येच ब्रेक लावता?

दत्तूकाका: मध्येच लावतो बहुतेक. तोल जाईल अशी भीती वाटते. कालचंच सांगतो. बास्केटपासून दहा मीटरच्या आत असलो की चकती सोडल्यावर तोल सावरून उभं राहावं लागतं, लगेच पाऊल पुढे पडलं की दंड. तरुणांना हा नियम आहे हे सुद्धा जाणवत नाही. दुसऱ्या राउंडला जेमतेम सहा मीटरवरून टाकली, साखळीत खण्ण वाजून आत बसली, मी मनात म्हटलं वा दत्तू, आणि उजवा गुडघा लटकन वाकला आणि मी दोन पावलं पुढे, दारुड्यासारखा. पंच नसतोच, कार्डावरच्या एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने दुजोरा द्यायचा. एक म्हातारबुवा हळूच म्हणाले फॉल्ट, दुसऱ्यांनी बुटाकडे बघत मान डोलावली. चढला एक स्ट्रोक. आणि ज्यांनी फॉल्ट दिला तेच जाऊन टोपलीतून माझी चकती घेऊन आले, हातात दिली, म्हणाले चेन मस्त वाजली.

माई आत्या: चांगले लोक दिसतात. पण हे खूळ काढलं कुणी मुळात

दत्तूकाका: एड हेडरिक म्हणून कॅलिफोर्नियातले होते. ती साखळ्यांची बास्केट त्यांचीच, १९७६ ला असोसिएशन पण त्यांनीच काढली, पीडीजीए, त्यात मेंबर नंबर एक तेच. २००२ ला गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या केल्या.

माई आत्या: शिव शिव. आणि त्या फेकायच्या??

दत्तूकाका: आपण नाही का गंगेत टाकत.

माई आत्या: गंगा आणि चकती एक आहे का मेल्या

दत्तूकाका: बरं ते जाऊ दे, माझं खरं दुखणं पुढेच आहे. ६५ च्या गटात मी सगळ्यात मोठा. जिंकला तो यंदाच ६५ चा झालाय, आमच्यात तो कोवळा पोरगाच, काय फेकतो, माझ्या पुढे पन्नास फूट. रात्री सत्तरीच्या गटाचे स्कोअर काढून बघितले. तोच कोर्स, त्याच टी, दोन्ही राउंड. त्यांच्यात पहिला आलेल्यापेक्षा माझे दोन कमी.

बंड्या: म्हणजे त्या गटात असता तर गोल्ड?!

दत्तूकाका: ट्रॉफी आणि थोडं व्हाउचर, हौशी खेळाडूंना पैसे नसतात. पण हो, पहिला. या खेळात ४०, ५०, ५५, ६० असे पार ८० पर्यंत गट आहेत आणि नियम असा की ज्या वर्षात तुम्हाला सत्तर लागतात त्या वर्षाच्या १ जानेवारीपासूनच तुम्ही सत्तरीत. सगळे वय वाढायची वाट बघतात इथे. माझ्या पासपोर्टवर १ जून १९५७, म्हणजे मला २०२७ उजाडायला पाहिजे.

माई आत्या: कसला १ जून. तू डिसेंबरातला. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी झालास म्हणून तर दत्तात्रय नाव ठेवलं. बाबासाहेब गेले आणि त्यानंतर दहाच दिवसांनी तू. शेजारचे सगळे अजून सुतकात असल्यासारखे होते, बाळंतिणीला पाणी तापवायला मीच होते, मला आठ वर्षं होती, मला चांगलं आठवतं.

बंड्या: म्हणजे १६ डिसेंबर १९५६! काका तुम्ही यंदाच सत्तरीत!! ट्रॉफी तुमची 🏆

दत्तूकाका: तेच तर. दाखल्यावर गुरुजींनी जून लावला. अख्ख्या वर्गाचा १ जून होता, कुणाला विचारलं सुद्धा नाही.

बंड्या: माझ्या सासऱ्यांचा पण १ जून, त्यांच्या चारही भावांचा १ जून. केक एकच आणतो आम्ही.

सुधीरदादा: वकील म्हणून सांगतो, काका कुठे काही दुरुस्त करायला जाऊ नका. पासपोर्ट, पॅन, ग्रीन कार्ड, पेन्शन सगळीकडे तीच तारीख आहे. एका चकतीपायी त्या सगळ्याला हात लावला तर पुढची दहा वर्षं फक्त ऍफिडेव्हिट फेकत बसाल.

सुमनकाकू: आणि गुरुजींना नावं ठेवू नका. खऱ्या तारखेने हे २०१४ च्या डिसेंबरलाच रिटायर झाले असते, जूनमुळे पाटबंधारेमध्ये मे २०१५ पर्यंत राहिले. त्या पाच महिन्यांच्या पगारात माझ्या पाटल्या झाल्या. तेव्हा नाही आठवली दत्तजयंती.

बंड्या: 😂😂😂 काकू सिक्सर

दत्तूकाका: ठीक आहे बाबा. जानेवारीपर्यंत थांबतो. तेव्हा मी त्यांच्यातला कोवळा पोरगा.

चिंगी: तोपर्यंत तोल आणि खांदा दोन्हीवर काम करू. एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, किचनचा ओटा धरून चालेल. आणि लाल पट्टा दाराला अडकवून रोज पंधरा वेळा, तुम्ही पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही काका.

दत्तूकाका: पट्टा ना. आहे की. इथेच होता. अगं सुमन तो लाल पट्टा कुठाय?

सुमनकाकू: लोणच्याच्या बरणीवर. दादरा बांधायला सुतळी मिळत नव्हती.