सेल बदलण्याआधी मेनू आणि चार्जर तपासावा

नवे रिचार्जेबल सेल घालूनही कॅमेरा वीस-पंचवीस छायाचित्रांत बंद पडतो, म्हणजे बिघाड कॅमेऱ्यातच असावा, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. एकदाच वापरायच्या अल्कलाइन एए सेलचे व्होल्टेज १.५, तर रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलचे १.२ असते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार ‘अल्कलाइन’ राहिला असेल, तर पुरेसा चार्ज शिल्लक असतानाही काही कॅमेरे सेल संपल्याची सूचना देतात. हा पर्याय सर्वच कॅमेऱ्यांत नसतो, पण असल्यास तो आधी पाहावा.

माझ्या बाबतीत मात्र दोष चार्जरचा निघाला. तो सेल जोडीनेच चार्ज करत असे आणि मी चार सेल वाटेल तसे मिसळून लावत असल्याने (हा आळस माझाच) जोडीतला एक पूर्ण भरे, तर दुसरा अर्धवट राही; कॅमेरा अर्थातच कमकुवत सेल संपताच बंद होई. मल्टिमीटरने दोन्ही सेल वेगवेगळे मोजल्यावर हा फरक लगेच दिसला. प्रत्येक सेल स्वतंत्रपणे चार्ज करणारा चार्जर घेतल्यापासून तेच जुने सेल शंभराहून अधिक छायाचित्रे सहज काढू देतात.