मदत हवी आहे: जुन्या न्यूजरीलमधलं बेळगाव कुठे बघायला मिळेल?

नमस्कार मंडळी, १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाची हलती चित्रं कुणी ऑनलाइन बघितल्यात काय? गांधीजी अध्यक्ष होते ते हे एकच अधिवेशन, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तेव्हाच्या पाण्यासाठीच खोदलेली, ती आम्ही रोज बघतो पण तेव्हाची गर्दी बघायची लई इच्छा आहे. ब्रिटिश पाथे या न्यूजरील, म्हणजे बातम्यांच्या छोट्या फिल्म, काढणाऱ्या जुन्या ब्रिटिश कंपनीनं २०१४ मध्ये सुमारे ८५ हजार फिल्म यूट्यूबवर टाकल्या, तिथं नुसतं गाव टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही. वर्ष टाकून शोधायचं की माणसाचं नाव? आणि सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची पिच्चरच्या आधी दाखवायची ती न्यूजरील, त्यात १९५६ च्या आसपासचं सीमाभागातलं काही असेल तर मागणी कुणाकडं करायची? माहीतगारांनी प्लीज सांगा, शाळेतल्या पोरांना दाखवायचंय.