शब्दचर्चा : परदेशातलं लग्न, मोरोक्कोचा वाणिज्य दूतावास आणि ‘नोंदणी’

रेवा
नवरा मोरोक्कोचा, बायको महाराष्ट्रातली, दोघं फ्रान्समध्ये राहतात आणि लग्न ल्याँच्या नगरपालिकेत लागणार आहे. त्यानंतर तिथल्या मोरोक्कोच्या वाणिज्य दूतावासात जी कार्यवाही करायची, तिला फ्रेंच कागदांत ‘त्रान्सक्रिप्स्याँ’ म्हटलंय. मुलीच्या घरच्यांना वाचता येईल असं मराठी टिपण करायचं आहे. अडलेले शब्द असे : त्रान्सक्रिप्स्याँ म्हणजे ‘नोंदणी’ म्हणावं का? ‘दॉत’ला कोशात ‘हुंडा’ दिलंय, ते चालेल? ‘सेर्तिफिका द सेलिबा’ म्हणजे अविवाहित असल्याचा दाखला? ‘अदूल’ म्हणजे नोटरी? आणि ‘लिव्रे द फामी’ला काय म्हणायचं?

गोदातीर
रेवाताई, दुसऱ्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सगळ्यात महागात पडेल. ‘हुंडा’ अजिबात लिहू नका. मोरोक्कोच्या कायद्यात मूळ अरबी शब्द आहे ‘सदाक’. फ्रेंच भाषांतरकार त्याला ‘दॉत’ म्हणतात, म्हणून कोशातून हुंडा बाहेर येतो. सदाक नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो आणि तो पूर्णपणे तिच्याच मालकीचा राहतो. हुंडा नेमका उलट्या दिशेने जातो. आपल्याकडे १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याच्या व्याख्येतूनच मुस्लिम व्यक्तिगत कायद्याखालचा मेहेर वगळलेला आहे. म्हणजे ‘मेहेर’ लिहिलं तर कायदेशीर हक्क, ‘हुंडा’ लिहिलं तर गुन्ह्याची कबुली. त्याच टिपणावरून उद्या कुणी मराठीत प्रतिज्ञापत्र केलं, तर तो शब्द तसाच पुढे जाईल. ‘मेहेर (सदाक)’ असं लिहा.

मोरोक्कोत सदाक सोडून देण्याचा करारच करता येत नाही. २००४ पासून लागू असलेल्या कुटुंबसंहितेत, म्हणजे ‘मुदव्वनत अल-उस्रा’त, कलम १३ आणि १४ दोन्हीकडे ही अट आहे. फ्रेंच विवाहलेखात सदाकचा रकानाच नसतो. पण लेख गप्प आहे म्हणून सदाक सोडला असं होत नाही. रक्कम कुठेच लिहिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. रक्कम नाममात्र असली तरी चालते.

दस्तऐवज
आता ‘नोंदणी’. मराठीत आधीच दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. ‘नोंदणी विवाह’ म्हणजे निबंधकासमोर लावलेलं लग्न. ‘विवाह नोंदणी’ म्हणजे आधी लागलेल्या लग्नाची नोंद करून प्रमाणपत्र घेणं. वाणिज्य दूतावासात यातलं काहीच होत नाही. संहितेचं कलम १५ सांगतं ते एवढंच : परदेशात स्थानिक कायद्याने लग्न केलेल्या मोरोक्कन नागरिकाने विवाहलेखाची प्रत तीन महिन्यांच्या आत वाणिज्य दूतावासात जमा करावी. अरबी शब्द आहे ‘ईदाअ’, जमा करणं. लग्न ल्याँमध्ये लागलेलं आहेच, दूतावास ते पुन्हा लावत नाही.

जमा झालेली प्रत पुढे मोरोक्कोला जाते : जोडीदारांच्या जन्मस्थळाच्या नागरी नोंद अधिकाऱ्याकडे आणि तिथल्या कौटुंबिक न्याय विभागाकडे. जोडीदाराचा जन्म मोरोक्कोत झालेला नसेल, तर प्रत राजधानी रबातच्या कौटुंबिक न्याय विभागाकडे आणि तिथल्या सरकारी अभियोक्त्याकडे जाते. आपल्या उदाहरणात बायकोच्या बाबतीत हेच होणार. शेवटी नवऱ्याच्या जन्मनोंदीच्या समासात लग्नाचा उल्लेख चढतो. त्याला फ्रेंचमध्ये ‘मांस्याँ मार्जिनाल’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी ‘शेरा’ हा अगदी नेमका शब्द आहे. म्हणून टिपणात दोन टप्पे वेगळे दाखवा : ‘विवाहलेखाची प्रत दाखल करणे’ आणि ‘जन्मनोंदीवर विवाहाचा शेरा मारणे’. पहिला टप्पा खिडकीवर संपतो, दुसऱ्याला वेळ लागतो. दोन्हींना मिळून ‘नोंदणी’ म्हटलं की प्रत दिल्याच्या दिवशीच सगळं झालं असं घरच्यांना वाटतं. मग मोरोक्कोतून काढलेल्या जन्मनोंदीच्या उताऱ्यावर नवरा अविवाहितच दिसतो आणि घरात उगाच घबराट होते.

बार्देश
गोव्यातल्या वाचकांना ‘ट्रान्सक्रिप्शन’ हा शब्द ओळखीचा आहे. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी इथली जन्माची आणि लग्नाची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवतात, तेव्हा हाच शब्द वापरतात. पण तिथे लग्नाची स्वतंत्र नवी नोंद तयार होते. मोरोक्कोत, दस्तऐवज म्हणतात तसा, जन्मनोंदीवर शेरा येतो. त्यामुळे गोव्यातला अर्थ इथे जसाच्या तसा लावू नये.

आणखी एक शब्द यादीत हवा होता : ‘किताबिया’. कलम ३९ प्रमाणे मुस्लिम पुरुषाला मुस्लिमेतर स्त्रीशी लग्न करता येत नाही, ती ‘ग्रंथधारी’ धर्माची असेल तर मात्र येतं. म्हणजे ख्रिस्ती किंवा यहुदी. म्हापशाची ख्रिस्ती मुलगी किंवा कोकणातल्या बेने इस्रायल समाजातली मुलगी असेल, तर धर्मांतराचा प्रश्न येत नाही. मुलगी हिंदू, बौद्ध किंवा जैन असेल, तर फ्रेंच कायद्याने लग्न पूर्ण वैध असूनही मोरोक्कोच्या कायद्यात ते अडतं आणि इस्लाम स्वीकारल्याचा दाखला मागितला जातो. मोरोक्कन स्त्री आणि मुस्लिमेतर पुरुष असेल, तर ग्रंथधारी असण्याची सवलतही नाही. पुरुषाचा दाखला लागतोच. हे घरच्यांना लग्नाआधी कळायला हवं. लग्नानंतर वाणिज्य दूतावासाच्या खिडकीवर पहिल्यांदा कळणं क्रूर आहे.

कलम ३३२ सुद्धा टिपणात घ्या : मुस्लिम आणि मुस्लिमेतर एकमेकांचे वारस होत नाहीत. म्हणजे ख्रिस्ती बायकोचं लग्न मोरोक्कोत मान्य होतं, पण नवऱ्याच्या तिथल्या मालमत्तेत तिला वारसाहक्क नाही. त्यासाठी मृत्युपत्र करावं लागतं, तेही एकतृतीयांशाच्या मर्यादेत. ‘वारस’ हा आपला शब्द अरबीतूनच आला आहे, पण हक्क सोबत येत नाही.

रेवा
खूप मदत झाली. ‘तीन महिने’ कधीपासून मोजायचे? उशीर झाला तर लग्न रद्द ठरतं का? आणि लग्नानंतर दोघं पॅरिसला राहायला गेले तर प्रत कुठे द्यायची?

दस्तऐवज
लग्न लागल्याच्या तारखेपासून. प्रमाणपत्र हातात पडल्यापासून नाही. कलम १५ मध्ये उशिराने लग्न रद्द होतं असं कुठेही म्हटलेलं नाही आणि दंडही सांगितलेला नाही. म्हणून ‘मुदत’ लिहा, पण पुढे ‘अन्यथा विवाह अवैध’ असं स्वतःच्या पदरचं जोडू नका. उशिराचा खरा त्रास पुढे होतो. मूल झालं की त्याची जन्मनोंद मोरोक्कोच्या बाजूला करताना आईवडिलांच्या लग्नाचा पुरावा लागतो आणि तेव्हा सगळं एकदम करावं लागतं.

कुठे द्यायची, याचं उत्तर : लग्न जिथे लागलं ते ठिकाण ज्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतं तिथे. राहण्याचा पत्ता इथे बघत नाहीत. लग्न ल्याँचं, तर ल्याँचाच वाणिज्य दूतावास, घर पॅरिसला असलं तरी. अशी कचेरीच नसलेल्या ठिकाणी लग्न झालं, तर त्याच मुदतीत प्रत थेट मोरोक्कोच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवायची.

गोदातीर
साक्षीदारांबद्दल कुणी बोललं नाही. कलम १४ मध्ये दोन मुस्लिम साक्षीदारांची अट आहे आणि नेमका इथेच फ्रान्समधला लेख अपुरा पडतो. फ्रान्समध्ये दोन ते चार साक्षीदार लागतात, लेखात त्यांची नावं येतात, पण धर्माचा उल्लेख कधीच येत नाही. म्हणून लग्न ठरतानाच किमान दोन साक्षीदार मुस्लिम निवडावेत, लेखात त्यांची नावं ओळखपत्रावरच्या अक्षरांप्रमाणेच लिहिली आहेत ना ते बघावं आणि ओळखपत्रांच्या प्रती जपून ठेवाव्यात. भारतात विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न लागलं तर तीन साक्षीदार लागतात. त्यातले दोन मुस्लिम असले की हीच सोय होते. लेखात साक्षीदार किंवा सदाक नसेल, तर अदूलांकडून (मोरोक्कोत विवाहलेख करणाऱ्या अधिकृत लेखकांकडून) पूरक लेख करून घेतात. त्याला ‘पुरवणी लेख’ म्हणावं, ‘दुरुस्ती लेख’ नको. मूळ लेख चुकलेला नसतो, अपुरा असतो.

डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणा-प्रस्तावांत, परदेशातल्या मोरोक्कन नागरिकांना मुस्लिम साक्षीदार मिळणं अशक्य असेल तर ही अट शिथिल करण्याची सूचना आहे. पण प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे. राजपत्रात येईपर्यंत साक्षीदार जमवूनच लग्न लावावं.

तर्जुमा
उरलेले शब्द घेते.

अदूल. एकवचन ‘अद्ल’, आपल्या ‘अदालत’च्याच घराण्यातला. याला नोटरी म्हणू नये. आपल्याकडे नोटरी म्हणजे समोर झालेल्या सहीवर शिक्का मारणारा. अदूल दोघं मिळून बसतात, वधूवरांचा प्रस्ताव आणि कबुली ऐकतात, लेख स्वतः लिहितात आणि न्यायाधीशाची मोहोर लागल्याशिवाय तो लेख अधिकृत होत नाही. ‘अदूल (विवाहलेख करणारे अधिकृत लेखक-साक्षी)’ असं एकदा लिहून पुढे फक्त ‘अदूल’ वापरा.

सेलिबा. ‘अविवाहित’ तेव्हाच लिहा जेव्हा व्यक्तीचं लग्न कधीच झालेलं नाही. घटस्फोटित किंवा विधुर असेल तर ते विधान खोटं ठरतं. ‘सध्या विवाहित नसल्याचा दाखला’ दोन्हीकडे चालतं. घटस्फोटितांना याच्या जोडीला घटस्फोटाचा अंतिम हुकूम द्यावा लागतो.

लग्न मोरोक्कोत लावायचं असेल तर परदेशी व्यक्तीकडून आणखी एक कागद मागतात : ‘शहादत अल-कफाआ’, फ्रेंचमध्ये ‘कापासिते’. ‘क्षमता प्रमाणपत्र’ असं भाषांतर झालं की लोक डॉक्टरकडे जातात. वैद्यकीय दाखला त्या यादीत वेगळा असतोच. हा मात्र स्वतःच्या देशाच्या वकिलातीकडून आणायचा, लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याचा कागद आहे. ‘विवाहपात्रता दाखला’ म्हणा.

लिव्रे द फामी, म्हणजे नवरा, बायको आणि मुलं यांच्या नोंदींची अधिकृत पुस्तिका. अरबीत ‘दफ्तर आइली’. आपल्याकडे ‘दफ्तर’ म्हटलं की कचेरी किंवा शाळेची पिशवी, म्हणून ‘कुटुंबपुस्तिका’ बरं. शिधापत्रिकेशी तुलना टाळा, तिच्यावरून नातं सिद्ध होत नाही. कुटुंबपुस्तिकेवरून होतं.

एक शब्द मुद्दाम जोडते : ‘वकील’. मोरोक्कोच्या कागदावर ‘वकील अल-मलिक’ दिसलं तर तो कुणाचा वकील नव्हे, सरकारी अभियोक्ता. कोर्टात बाजू मांडणाऱ्याला तिथे ‘मुहामी’ म्हणतात. आणि ‘वकाला’ म्हणजे मुखत्यारपत्र. नवरा किंवा बायको स्वतः हजर राहू शकत नसेल तर संहितेच्या कलम १७ प्रमाणे मुखत्यारामार्फत लग्न होऊ शकतं, पण त्यासाठी न्यायाधीशाची परवानगी लागते. ‘वकिलामार्फत लग्न’ असं लिहाल तर मराठी वाचक काळा कोट शोधेल.

रेवा
भारतातून मुलीचा जन्मदाखला येणार आहे. त्यावर ‘अपॉस्टिल’ हवा म्हणतात. ‘साक्षांकन’ म्हटलं तर?

तर्जुमा
नाही. साक्षांकन म्हणजे प्रत मूळ कागदाप्रमाणे आहे असा शिक्का. अपॉस्टिल म्हणजे सही-शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे याची, १९६१ च्या हेग कराराखालची ग्वाही. शब्द तसाच ठेवा. भारत या करारात १४ जुलै २००५ पासून आहे, मोरोक्को १४ ऑगस्ट २०१६ पासून. महाराष्ट्रातल्या जन्मदाखल्यावर आधी राज्य सरकारचा शिक्का लागतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल.

क्रम मात्र सांभाळा : आधी अपॉस्टिल, नंतर तर्जुमा. उलटं केलं तर अपॉस्टिलचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि कागद परत येतो. भाषांतर अरबी किंवा फ्रेंचमध्ये, शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. आणखी एक अडचण नेहमी येते. भारतीय वकिलातीने दिलेल्या दाखल्यावर अपॉस्टिल मिळत नाही, कारण राजनैतिक आणि वाणिज्य दूतांनी केलेले कागद त्या कराराच्या बाहेर आहेत. असा कागद मोरोक्कोत वापरायचा तर तो रबातच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. दुबईत लग्न झालेल्यांनाही हे लक्षात ठेवावं लागेल : संयुक्त अरब अमिराती करारात नाही, त्यामुळे आधी तिथलं परराष्ट्र मंत्रालय, मग मोरोक्कोची कचेरी, अशी जुनी साखळीच लागू आहे.

बार्देश
नावाचं लिहून ठेवा. मराठी नाव तीन भागांचं, मधला भाग वडिलांचा किंवा लग्नानंतर नवऱ्याचा. मोरोक्कोच्या नोंदीत नाव आणि कुटुंबनाव एवढेच दोन रकाने, आणि तिथे बायको माहेरचंच कुटुंबनाव ठेवते. पासपोर्टवर लग्नानंतर नाव बदललं आणि जन्मदाखला जुन्या नावाचा, तर प्रत दाखल करतानाच ‘ही एकच व्यक्ती आहे’ हे सिद्ध करायला लावतात. पासपोर्टमधला बदल शेरा चढेपर्यंत थांबवला तर बरं.

अरबीत ‘प’, ‘च’, ‘ट’, ‘ळ’ नाहीत. ‘पाटील’चं ‘बातील’ होतं, ‘चितळे’ प्रत्येक भाषांतरकार वेगळं लिहितो. पहिल्या भाषांतरातच अरबी अक्षरं ठरवून घ्या, शेजारी पासपोर्टवरची रोमन अक्षरं छापायला सांगा आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच अक्षरांत करून घ्या. मुलांच्या जन्मनोंदीत आईचं नाव याच पहिल्या कागदावरून उतरवलं जातं.