मदत हवी आहे: एका घोडीसाठी छोटी, परवडणारी गाडी, जिच्यात रात्री आम्हालाही झोपता येईल (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एक भीमथडी (दख्खनच्या छोट्या जातीची) घोडी आहे. उंची ५२ इंच, रंग कुमैत (तांबूस तपकिरी), वजन अंदाजे पावणेतीनशे किलो. आम्ही सोलापूरला होटगीच्या बाजूला राहतो. आजवर तिला यात्रेला, बाजाराला न्यायचं तर भाड्याचा पिकअप करायचो. आता स्वतःची गाडी घ्यायची असं घरात ठरलंय. गाडी अशी हवी की दिवसा घोडी नीट उभी राहील आणि मुक्कामाला मला व बाबांना पाठ टेकता येईल. बॉडीच्या कामासकट बजेट सहा लाख, म्हणजे गाडी सेकंडहँडच. कुठली गाडी घ्यावी आणि आत मांडणी कशी करावी, हे तुम्हाला विचारायचंय.

झोपायची सोय हौसेसाठी नकोय. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे केंद्राचे नियम आहेत. त्यात घोडे नेणाऱ्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा आहे. सारंगखेड्याचा घोडेबाजार आमच्यापासून पाचशे किलोमीटरच्या वर. तुळजापूर, बीड, संभाजीनगर, कन्नडचा घाट, चाळीसगाव, धुळे असा रस्ता. ३५ च्या वेगाने नुसतं चालवायलाच पंधरा तास लागतात, आणि मध्ये घोडीला उतरवून पाणी-चारा द्यायचा तो वेगळाच. वाटेत दोन मुक्काम केल्याशिवाय हे जमत नाही. बाबा सत्तरीच्या पुढे आहेत. लॉजवर जा म्हटलं तर घोडीला सोडून हलत नाहीत, रात्रभर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून काढतात. दत्तजयंतीच्या सुमाराची खानदेशातली थंडी ज्यांनी अनुभवलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

भाड्याच्या गाडीचा त्रास काय, तेही सांगते. हौद्याचा (मागच्या मालाच्या जागेचा) पत्रा झिजून गुळगुळीत झालेला असतो. वर पेंढा टाकला तरी पहिल्या तासाभरात तो कडेला सरकतो आणि मधला पत्रा उघडा पडतो. मग ब्रेक लागला की तिचे पुढचे पाय घसरतात. नाल पत्र्यावर खरडल्याचा आवाज केबिनमध्ये येतो आणि बाबा "हळू, हळू" म्हणत राहतात. उतरवताना तर रस्त्याकडेचा मातीचा उंचवटा शोधत फिरायचं. गेल्या खेपेला तिच्या डाव्या गुडघ्यावरचं कातडं सोललं. जखम भरली, पण आता ती फाळका (हौद्याचं मागचं खाली पाडायचं दार) पडल्याचा आवाज आला तरी मागे सरते.

इंग्लंडात साडेतीन टनांच्या छोट्या घोडागाड्या फार चालतात. रेनॉ मास्टर किंवा प्यूजो बॉक्सर घेऊन मागे दोन घोड्यांची जागा, आणि पुष्कळांत केबिन आणि घोडे यांच्या मध्ये छोटी राहायची जागा. तिथे १९९७ पासून मिळालेल्या कारच्या लायसन्सवर साधारण साडेतीन टनांपर्यंतच चालवता येतं, म्हणून सगळी धडपड त्या आकड्यात बसवायची. पण तिथला घोडा पाचशे-सहाशे किलोचा. दोन घोडे, पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं भरलं की गाडी वजनात नापास होते. आपल्याला ही अडचण नाही. घोडी त्यांच्या घोड्याच्या निम्मी, तीही एकच, आणि आपलं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला चालतं. त्यामुळे आपलं काम लहान गाडीत व्हायला हवं असं मला वाटतं.

वजनाचा हिशेब मी असा केलाय: घोडी २७५, पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो, चारा आणि चंदी (धान्याचा खुराक) ४०, आम्ही दोघं १३०, बंद बॉडी, फळ्या, रबर, फाळका मिळून ३५० ते ४००. एकूण नऊशे किलोच्या आसपास.

त्यामुळे छोटा हत्ती (टाटा एस) यादीतून गेला. त्याची क्षमता साधारण पाऊण टन आणि हौदा सात फुटांचा. घोडी मावते, पण माणसाला जागा राहत नाही. शिवाय एवढ्याशा गाडीत घोडी जराशी सरकली तरी गाडी झुलते. फोर्स ट्रॅव्हलरची जुनी स्कूलबस एक जण देतोय. दिसायला सगळ्यात घरासारखी तीच, आणि बाबांना तीच आवडलीय. पण आत उभं राहून हात वर केला की छत लागतं. घोडी बिचकून मान वर करते तेव्हा तिचं डोकं सहा फुटांच्या वर जातं. ते पत्र्यावर आपटलं तर ती पुन्हा कधी गाडीत चढायची नाही. जुनं टाटा ४०७ ऐसपैस आहे, पण माझ्या पैशात येणारं म्हातारंच असणार. मालाच्या गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेसची तपासणी दरवर्षी. ते दुखणं मला झेपायचं नाही.

राहिला बोलेरो पिकअप, नाहीतर टाटाची इंट्रा व्ही ३०. दोन्ही १.३ टनांत मिळतात, हौदा नऊ फुटांच्या आसपास लांब आणि साडेपाच फुटांच्या आसपास रुंद. माझा कल बोलेरोकडे, कारण तिचे पार्ट सारंगखेड्याच्या वाटेवर कुठल्याही गावात मिळतील.

आता मांडणी. मोटार वाहन नियमांत १२५ ई नावाचा नियम आहे, २०१६ पासून लागू. त्यात प्रत्येक जनावराला वेगळा कायमचा कप्पा हवा, आणि घोड्यासाठी कप्पा किमान २.२५ चौरस मीटरचा. ७ फूट बाय साडेतीन फूट केला तर बरोबर त्याच्या वर जातो. म्हणजे कप्पा उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या मागे लांबीत घेतला तर डावीकडे दोन फुटांची पट्टी उरते आणि पुढे केबिनलगत दोन फूट. डाव्या पट्टीत भिंतीला बिजागरीने अडकवलेला बाक, खाली पाण्याचे कॅन. रात्री घोडीला बाहेर दावणीला बांधायचं, कप्प्याची जागा धुऊन कोरडी करायची, बाक खाली पाडायचा, आणि मधल्या जागेत दुसरी गादी. घोडी उजवीकडे घ्यायचं कारण असं की आपला रस्ता डाव्या कडेला उतरता असतो. जड वजन डावीकडे असलं तर गाडी सतत कडेला ओढते.

केबिनच्या टपावर झोपायचा माचा काढा असं बॉडीवाला म्हणतो. मला ते पटत नाही. घोडी उभी म्हणजे अर्धं वजन आधीच उंचावर, त्यात टपावर आणखी लाकूड-लोखंड चढवून घाटात वळणं घ्यायची? तो असंही म्हणाला की आरटीओत कोण बघतंय. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीत (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) नसलेला बदल करता येत नाही, आणि केला तर दर बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रस्त्यात घोडीसकट गाडी अडवली तर दंडाचं सोडा, तिला उन्हात कुठे उभी करणार?

माझे प्रश्न असे. घोडी लांबीत उभी करावी की आडवी? १९७८ च्या नियमात तोंड डावीकडे, वाहतुकीपासून लांब, असं आहे. म्हणजे तो विचार आडव्या उभ्या घोड्यांचा. फाळका किती लांब घ्यावा? पिकअपचा हौदा जमिनीपासून जवळजवळ तीन फूट. सहा फुटी फाळका टाकला तर तीस अंशांचा चढ होतो, तो तिला फार वाटतो. आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या डब्यात घोडी उभी करायची तर छताला काय लावावं?

ज्यांनी स्वतः जनावरं नेली आहेत त्यांनी अवश्य लिहा.

प्रतिसाद: अकलूजकर

ताई, आमची पिढीजात घोड्याची वाहतूक. बोलेरोच घ्या. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, पिकअपचे पाटे (चाकावरच्या स्प्रिंगा) दीड टन मालाच्या हिशोबाने कडक असत्यात. तीनशे किलोची घोडी आत असली तर गाडीला ती रिकामीच वाटती. खड्ड्यात आपटती आणि तो दणका सगळा घोडीच्या पायाला बसतो. पाटा काढायच्या भानगडीत पडू नका, लोक काढतात आणि मग घाटात गाडी डोलती. खाली दीड इंची लाकडी फळी, त्यावर जाड रबर, त्यावर भुसा. रबर नुसतं टाकू नका, फळीला बोल्टनं आवळा, नायतर त्याच्याखाली मूत साठतं आणि दोन महिन्यांत वासानं डोळं चुरचुरायला लागत्यात.

फाळका सात फुटी करा, त्यावर एक-एक वीत अंतरानं आडव्या पट्ट्या मारा. अन् चढ कमी करायचा तर मागची चाकं चारीत नायतर सखल जागेत उतरवा. अर्धा फूट खाली गेली की चढ बराच कमी वाटतो. घोडी आवाजाला भिती म्हणता, तर फाळक्याच्या कडेला जुन्या टायरचं रबर लावा आणि घरी आठवडाभर फाळका पाडून त्यावरच चंदी खाऊ घाला. गाडी जागची हलवायची नाही. ती आपणहून चढून उभी राहायला लागली की मगच इंजिन चालू करा.

लांबीत उभी करा. एकटी घोडी आडवी उभी केली की प्रत्येक ब्रेकला तिला बाजूला तोल सांभाळावा लागतो. लांबीत असली तर पुढच्या-मागच्या पायांवर पेलती. मागं पार्श्वभागाला दोन जाड दांड्या पाहिजेतच.

प्रतिसाद: जनावरांचा डॉक्टर, पंढरपूर

ताई, तुमचा अभ्यास चांगला आहे. दोन-तीन गोष्टी भर घालतो.

घोडीचं तोंड उंच बांधू नका. मान वर ताणून तासन्‌तास उभं राहिलं की घशातली घाण खाली उतरायला वाव राहत नाही, धूळ आणि जंतू फुप्फुसात जातात. प्रवासानंतर दोन-तीन दिवसांनी येणारा ताप पुष्कळदा यातूनच येतो. दोर इतका ठेवा की तिला छातीच्या खाली तोंड नेता येईल, आणि दर तीन-चार तासांनी थांबून तोंड पूर्ण खाली सोडून चारा द्या. चाऱ्याची जाळी डोळ्यासमोर टांगू नका, चारा ओला करून द्या म्हणजे धूळ उडणार नाही. निघायच्या दिवशी चंदी अगदी थोडी. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट बिघडलं की ते थेट जिवावर येतं.

पाण्याचं ८० लिटर चांगलं केलंत. बाहेरचं पाणी बरेच घोडे तोंडाला लावत नाहीत. घरीच आधीपासून पाण्यात चिमूटभर गूळ टाकायची सवय करा. वाटेतल्या पाण्यात तोच गूळ टाकला की चव ओळखीची लागते.

कागदांमध्ये प्रवासासाठी सुदृढ असल्याचा दाखला लागतोच. बाजाराला नेणार असाल तर ग्लँडर्सची (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची) तपासणी करून ठेवा. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो, तेव्हा हातात वेळ ठेवून द्या. हा रोग माणसालाही होतो. तुम्ही तर त्याच जागेत झोपणार, म्हणून बाजारातल्या सामाईक हौदावर घोडीला पाणी पाजू नका, आणि तिची जागा धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय गादी टाकू नका.

छताचं म्हणाल तर वरून पांढरा रंग, आतून पत्रा आणि प्लायच्या मध्ये इन्सुलेशनचा थर. पण खरा उपाय वारा आहे. दोन्ही बाजूंना तिच्या डोक्याच्या वर जाळीच्या खिडक्या, आणि मागे फाळक्याच्या वरचा भाग उघडा. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच निघा.

धागाकर्ती

अकलूजकर दादा, डॉक्टर, मनापासून आभार. बाबांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. फाळक्यावर चंदी देण्याचं त्यांना इतकं पटलं की गाडी यायच्या आतच त्यांनी अंगणात जुनं दार आडवं टाकून सुरुवात केलीय.

आता असं ठरवलंय: बोलेरो १.३ टनी, घोडी लांबीत उजवीकडे, सात फुटी फाळका, माचा रद्द. आरसीवर ती मालवाहूच राहील आणि जनावरांची बॉडी म्हणून आधी आरटीओची परवानगी घेऊन मगच काम सुरू करायचं. जनावरांच्या गाडीत दुसरा माल चालत नाही, म्हणून आतला बाकही सुटा, बोल्ट काढला की बाहेर येणारा. स्वयंपाक गाडीत करायचा नाही. पेंढ्याशेजारी शेगडी पेटवायची माझी छाती होणार नाही. बाहेर चूल नाहीतर डबा.

एक अडचण उरलीय. बाक सहा फुटी केला तर घोडीच्या कप्प्याची मधली भिंत बाकाच्या कडेला येते, आणि तिने पाय झाडला तर बाकाची बिजागरी तुटेल. भिंत खालपर्यंत फळ्यांची घ्यावी, की खाली एक फूट मोकळं सोडून रबर लोंबतं ठेवावं, म्हणजे पडली तर पाय अडकणार नाही? पंढरपूर, बार्शी, मोहोळ या भागात कुणाची अशी तयार गाडी असेल तर कळवा. मी टेप घेऊन येते, एक तास बघू द्या, मापं घेऊन जाते.