मिसाइल आणि प्रोजेक्टाइल: मराठीत दोन्हींना 'क्षेपणास्त्र' चालेल का?

शब्दखूण: तोफखान्यावरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. त्यात मिसाइल, रॉकेट, शेल, प्रोजेक्टाइल हे सगळे शब्द येतात. सरसकट 'क्षेपणास्त्र' लिहिलं तर चूक होईल का? आणि पिनाकाला काय म्हणायचं?

दारूगोळा: मोठी चूक होईल. १५५ मिमी तोफेचं उदाहरण घ्या. गोळा (साधारण ४५ किलो), त्याच्या टोकाचा फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग), दारूच्या पिशव्या आणि प्रायमर (दारू पेटवणारा) हे सगळं वेगवेगळं येतं. दारू नळीतच जळते, म्हणजे गोळ्याला मिळायचा तेवढा वेग नळीतच मिळून जातो. पल्ला ठरतो तो नळीच्या कोनावर आणि दारू किती भरली त्यावर. गोळा सुटल्यावर वाऱ्याने भरकटला, दारू थंड असल्याने कमी पडला, तर त्याच गोळ्याचं काही करता येत नाही, दुरुस्ती पुढच्या गोळ्यात. असा जो गोळा (तुमच्या लेखातला शेल), तो प्रोजेक्टाइल. बंदुकीतही पूर्ण काडतूस प्रोजेक्टाइल नव्हे, पुढची गोळी तेवढीच.

ब्राह्मोस याच्या उलट. घन इंधनाचा बूस्टर आधी वेग देतो आणि गळून पडतो, मग रॅमजेट (वेगामुळेच आत दाबली जाणारी हवा वापरणारं) इंजिन चालतं. वाटेत दिशा बदलते, शेवटच्या टप्प्यात रडार लक्ष्य शोधतं. हे क्षेपणास्त्र.

गतिशास्त्र: एक गोष्ट जोडतो, कारण इथे गोंधळ होतोच. अग्नीसारख्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची इंजिनं पहिली काही मिनिटंच जळतात. नंतरचा बहुतेक प्रवास फेकलेल्या दगडासारखा, मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या हवाली. म्हणजे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तेही तेवढा काळ प्रोजेक्टाइलच असतं. पाठ्यपुस्तकातलं पल्ल्याचं सूत्र मात्र तोफेला जसंच्या तसं लावू नका. सेकंदाला ८०० मीटर वेग आणि ४५ अंश कोन धरला तर उत्तर ६५ किमी येतं. हवेच्या रोधामुळे साधा १५५ मिमी गोळा त्याच्या निम्माही जात नाही.

दारूगोळा: बरोबर. आता पिनाका. पुण्याच्या एआरडीईने (डीआरडीओची शस्त्रास्त्र संशोधन संस्था) विकसित केलेली ही २१४ मिमीची रॉकेट प्रणाली, एका लाँचरवर १२ नळ्या. मूळ पिनाकाला स्वतःचं इंजिन आहे, पण वाटेत मार्गदर्शन नाही, म्हणून ते रॉकेट. 'अग्निबाण' लिहिलंत तरी चालेल. गायडेड पिनाका गुणांनी क्षेपणास्त्राजवळ जातो, पण अधिकृत नावात रॉकेटच आहे, तेच ठेवा.

शब्दखूण: आणि एक्सकॅलिबर? लेखात त्याला 'गायडेड प्रोजेक्टाइल' म्हटलंय.

दारूगोळा: लेखकाचं बरोबर आहे. तो तोफेतूनच सुटतो, इंजिन नाही. जीपीएसच्या आधारे छोटे पंख वळवून मार्ग सुधारतो. नळीतला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींहून जास्त असतो, आतली इलेक्ट्रॉनिक्स तो सोसेल अशी बनवावी लागते. 'मार्गदर्शित तोफगोळा' लिहा. लेखात जुन्या लढायांचे उतारे असतील तर तिथला मिसाइल म्हणजे बाण, भाला, गोफणीचा दगड, काहीही असू शकतं. तिथे 'क्षेपणास्त्र' अजिबात नको, ती वस्तू कोणती ते पाहून तिचंच नाव द्या.