विद्यार्थ्यांकडून विकिपीडियावर मध्ययुगीन कोकण लिहून घेतेय. गावात ऐकलेल्या इतिहासाचं काय करायचं?

दापोलीकरीण

नमस्कार. मी दापोली तालुक्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. द्वितीय वर्ष कला, मध्ययुगीन भारत. दरवर्षी प्रकल्प म्हणून जे माझ्या टेबलावर येतं ते मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेलं असतं आणि माझ्याशिवाय ते कोणी वाचत नाही. म्हणून या सत्रात प्रकल्पाऐवजी मराठी विकिपीडियावर लेख लिहायला सांगितले, तेही आपल्याच किनाऱ्याबद्दल. दिल्लीच्या सुलतानांची यादी मुलांना पाठ असते, पण बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे केवढं मोठं बंदर होतं हे माहीत नसतं. काही जण तर धोपाव्याहून फेरीबोटीने रोज तीच खाडी ओलांडून येतात.

दाभोळ, बहमनी वजीर महमूद गावानची कोकण मोहीम, खारेपाटणचा ताम्रपट, अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख, गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा, गाढवाचं चित्र कोरलेला दगड), रशियन प्रवासी अफानासी निकितिन असे विषय वाटून दिले. मुलं मन लावून लिहितायत. अडचण वेगळीच आहे.

दाभोळच्या एका मुलीने अंडा मशिदीवर लिहिलं. विजापूरची शहजादी हजला निघाली, जाता आलं नाही, मग तो पैसा तिने मशिदीला लावला, ही गोष्ट तिने आजीकडून ऐकलेली. दोन दिवसांत कोणीतरी तो परिच्छेद काढला आणि बाकी मजकुरावर "संदर्भ हवा" लावून ठेवलं. ती रडवेली होऊन आली. "मॅडम, अख्ख्या गावाला माहीत आहे, मग संदर्भ कशाला?" दुसऱ्या एका मुलाच्या गावात देवळामागे गद्धेगाळ पडलेली आहे. त्याने फोटो काढले, पीठ लावून अक्षरं उठवली आणि स्वतः वाचून लेखात टाकली. तेही उडालं.

छापील आधार हवा, स्वतःचं वाचन चालत नाही, हे विकिपीडियाचे नियम मला पटतात. पण ज्यांच्या दारात हा इतिहास पडलाय त्यांनाच तो लिहिता येत नाही, असं मुलांना वाटायला लागलंय, आणि ते मला सहन होत नाही. शिवाय गुण कशावर द्यायचे? लेख टिकला यावर?

---

चावडीवरचा

मॅडम, मी बऱ्याच वर्षांपासून मराठी विकिपीडियावर संपादन करतो. आधी गुणांचं सांगतो. लेख टिकला की नाही यावर गुण देऊ नका. तसं केलंत तर मुलं उडवलेला मजकूर परत परत टाकतील आणि आमच्यासारख्यांशी भांडत बसतील. प्रत्येक पानाला "इतिहास" असतो, कोणी कधी काय लिहिलं ते सगळं तिथे दिसतं. मुलाने कुठलं वाक्य बदललं, चर्चा पानावर काय उत्तर दिलं, संदर्भ कुठून शोधला, ते बघून गुण द्या. आणि आधी प्रत्येकाच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून घ्या. तुम्ही वाचल्यावरच मुख्य लेखात आणा.

२०११ मध्ये पुण्यात असाच उपक्रम मोठ्या प्रमाणावर झाला होता, इंग्रजी विकिपीडियासाठी. विद्यार्थ्यांनी इतका मजकूर पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचलला की तो साफ करता करता स्वयंसेवक थकले आणि उपक्रम थांबवावा लागला. त्यामुळे वर्गाने लिहिलेलं काही दिसलं की जुने संपादक जरा सावध होतात. तुमच्या मुलांवर राग नाही कोणाचा.

आता शहजादी. १८८० सालचा रत्नागिरी गॅझेटियर, मुंबई इलाख्याचा दहावा खंड, इंटरनेटवर वाचायला मिळतो. त्यातली दाभोळची नोंद मुलीला स्वतः वाचू द्या. ती गोष्ट तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या छापील ग्रंथात सापडली, तर "अशी आख्यायिका आहे" म्हणून संदर्भासह खुशाल लिहू दे. नुसती आख्यायिका म्हणून सोडू नका, मशिदीच्या बांधकामाचा काळ आणि त्याचा आधारही शेजारी यायला हवा.

एक बारीक गोष्ट. एका नेटवर्कवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. कॉलेजच्या वायफायवर सगळा वर्ग बसवलात तर सातव्या मुलापासून अडेल. खाती घरून, आपापल्या मोबाईल डेटावर उघडायला सांगा.

---

स्पष्टच_बोलतो

गुणांसाठी लिहिलेले लेख विकिपीडियाला नकोत, असं माझं मत आहे. सत्र संपलं की मुलं निघून जातात आणि अर्धवट पानं आम्ही सांभाळायची. नवी पानं काढण्यापेक्षा आहेत तेच लेख दुरुस्त करायला द्या. अक्षीचा लेख घ्या. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, हे त्यावरच्या सालाचं वाचन कोरीव लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी मांडलं, पण त्यावर मतभेद आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून "पहिला मराठी शिलालेख कोणता" यावर फार जोरात लिहिलं जातं. दोन्ही बाजू शांतपणे, आधार देऊन मांडणारं कोणी असेल तर मला हवंय.

---

संगमेश्वरी

मॅडम, मी आता एम.ए. करतेय. आमच्या सरांनीही हे करून घेतलं होतं, माझ्याकडे निकितिन होता. रशियातल्या त्व्हेरचा हा व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून दम दिला. परत जाताना तो दाभोळहून जहाजात बसला, आणि दाभोळला अरबस्तानातून, खुरासानातून घोडे उतरतात असं त्याने लिहून ठेवलंय. हे वाचून मी अक्षरशः उठून बसले. तोपर्यंत मला वाटायचं की परदेशी लोक आपल्याकडे आले ते थेट पोर्तुगीज.

पण लिहिताना पहिल्याच ओळीवर अडले. तो चौलला कधी आला? जुनी पुस्तकं १४६९ धरतात, काही अभ्यासक १४७१. परीक्षेच्या उत्तरात एक साल ठोकून दिलं असतं. इथे दोन्ही लिहावी लागली, आणि कोण काय म्हणतं तेही. त्या एका वाक्याने मला इतिहास जेवढा शिकवला तेवढा कुठल्या नोट्सनी शिकवला नाही. तुमच्या दाभोळच्या मुलीला सांगा, तिचा परिच्छेद उडाला म्हणजे तिची आजी खोटी ठरली असं नाही.

---

ग्रंथपाल_रत्नागिरी

गद्धेगाळीवाल्या मुलाबद्दल बोलतो, कारण मला त्याचं फार कौतुक वाटलं. (पीठ पुन्हा लावू नका मात्र. दगडाला त्रास होतो. संध्याकाळी बाजूने बॅटरीचा उजेड टाकला की अक्षरं उठतात.)

त्याचे फोटो वाया गेलेले नाहीत. ते विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या साठ्यावर, चढवा, गावाचं नाव आणि दगडाची उंची-रुंदी लिहून. स्वतः काढलेला फोटो चालतो. स्वतः केलेलं वाचन चालत नाही, कारण ते तपासायला दुसऱ्या कोणाकडे काही नसतं. आधी तुळपुळ्यांचा "प्राचीन मराठी कोरीव लेख" आणि वा. वि. मिराशींचा शिलाहारांवरचा (कोकणातलं मध्ययुगीन राजघराणं) ग्रंथ चाळा. तिथे ही गद्धेगाळ नसेल, तर राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा आणि मुलाला एखाद्या जाणकाराबरोबर बसवून टिपण लिहायला लावा. कोकण इतिहास परिषदेच्या अधिवेशनात निबंध वाचता येतात. टिपण छापून आलं की त्याच वाचनाचा आधार विकिपीडियावर देता येईल.

खारेपाटणच्या ताम्रपटाचं असंच झालं. शिलाहार रट्टराजाचा तो शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ चा. तो पहिल्यांदा वाचून छापला बाळशास्त्री जांभेकरांनी, ते पोंभुर्ल्याचे, म्हणजे त्याच मुलखातले. पुढे जर्मन अभ्यासक कीलहॉर्नने "एपिग्राफिया इंडिका" या कोरीव लेखांच्या नियतकालिकात पुन्हा तपासला, नंतर मिराशींनी. गावच्या माणसाने वाचलं म्हणून कोणी नाकारलं नाही. त्यांनी ते छापलं, म्हणून पुढच्यांना तपासता आलं. हा प्रवास त्या मुलासमोर ठेवा.

गॅझेटियरबद्दल वर सांगितलंय त्यात थोडी भर. तो मिराशींच्या शिलाहार-ग्रंथाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचा आहे. देवळांच्या आणि लेखांच्या काळासाठी एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

---

दापोलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. बाळशास्त्रींचं उदाहरण उद्याच वर्गात सांगते. गुण पानाच्या इतिहासावरून देणार, आणि चर्चा पानावरच्या उत्तरांना वेगळे गुण ठेवणार. अक्षीच्या गटाला नवं पान न काढता जुना लेख दुरुस्त करायला सांगितलंय, @स्पष्टच_बोलतो, तुम्ही नजर ठेवाल का?

दाभोळची मुलगी गॅझेटियर वाचायला बसली आहे, इंग्रजी जड जातंय पण सोडत नाही. गद्धेगाळीसाठी मात्र मदत हवी. दापोली-मंडणगडकडे शिलाहारकालीन लेख वाचणारं कोणी आहे का? मुलाला घेऊन यायची जबाबदारी माझी.